काळ्या धाग्याचा धनी

१

पेटीचं कुलूप जागेवर होतं, किल्ली खुंटीवर होती, आणि वही मात्र गेली होती.

महादेवरावांनी पेटीत दोनदा हात फिरवून पाहिला आणि ते तिथंच गोधड्यांच्या थप्पीवर बसले. बुलढाण्याहून मेहकर, मेहकरहून लोणार, अर्धा प्रवास उभ्यानं झाला होता आणि गुडघे ठणकत होते. सदुसष्ट सालचा मार्च. जूनअखेर ते निवृत्त होणार होते. उद्योग खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली, आणि त्या तीस वर्षांत ‘सबळ पुरावा आढळून आला नाही’ हे वाक्य त्यांनी इतक्या फायलींत लिहिलं होतं, की आता पेन आपोआप तिकडे वळायचं. इथंही तेच लिहून साडेचारची गाडी पकडावी, असं त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच.

समोर बानो उभी होती. रहेमतुल्ला पिंजाऱ्याची विधवा, वय पन्नाशीचं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती रडत नव्हती. रडण्याच्या पुढं गेलेली माणसं महादेवरावांनी खूप पाहिली होती, त्यांतलीच ही एक.

भानगड अशी होती. लोणारच्या बाहेर नारायणरावांचा जिन आहे, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. कोरड्या हवेत जिनाच्या पट्ट्यावर घर्षणाची वीज साठते, चटचट ठिणग्या उडतात आणि कापूस पेटतो. चार वर्षांपूर्वी अशीच आग लागली. विझल्यावर लोखंडी डब्यात अडकलेला थोडा कापूस निघाला. हवा न मिळाल्यामुळं त्याची राख झाली नव्हती, नुसता कोळसा झाला होता, पण तंतू लांबच्या लांब शाबूत होते. जिनावर हंगामी कामाला असलेल्या रहेमतुल्लानं ते सहज पट्ट्याजवळ धरले, आणि पट्ट्याची चटचट थांबली. तो काळा तंतू वीज खाऊन टाकत होता.

पण बोट लागलं की त्याचा भुगा व्हायचा. मग त्यात नायलॉनचा पिंजलेला चुरा मिसळून पाहिला. त्या मिश्रणाचा धागा कातून गरम तव्यावरून ओढला की नायलॉन जरा मऊ पडायचा आणि काळ्या तंतूला धरून बसायचा. त्या धाग्याची पट्टी विणून जिनाच्या पट्ट्यापाशी लावली आणि तारेनं जमिनीशी जोडली की ठिणगीचं नाव नाही. ही सगळी कृती रहेमतुल्लानं एका निळ्या वहीत उतरवून घेतली होती. दीड वर्षापूर्वी तो छातीच्या दुखण्यानं गेला. पिंजाऱ्याची छाती, दुसरं काय होणार.

आणि आता त्या मिश्रणाचं पेटंट आपल्या नावानं मिळावं, म्हणून नारायणरावांनी कलकत्त्याला अर्ज केला होता. आक्षेप घ्यायची मुदत संपत आली होती. उद्या दुपारी चारच्या टपालानं रजिस्टर गेलं नाही, तर विषय संपला. बानोनं पोस्टाबाहेरच्या माणसाकडून कार्ड लिहवून घेऊन बुलढाण्याला धाडलं होतं, आणि तिथल्या वरच्या साहेबांनी ते कार्ड महादेवरावांच्या टेबलावर टाकलं होतं.

“पैशाचं राहू द्या साहेब,” बानो म्हणाली. “आमाले मूलबाळ नाही. त्यायच्या मागं त्यायचं नाव घेनारं कोनी नाही. हा धागाच हाये. त्याच्यावर तरी त्यायचं नाव राह्यलं पायजे.”

महादेवरावांनी पुन्हा पेटीकडं पाहिलं. आत आणखी दोन वह्या होत्या, तशाच निळ्या, एकाच दुकानातल्या. एकीत कुणाची गादी कधी द्यायची याची यादी, दुसरीत रहेमतुल्लानं म्हातारपणी गिरवलेली बाराखडी. दोन्ही नीट रचलेल्या होत्या. पेटीत उचकापाचक नव्हती. काल आठवडी बाजार होता, बानो दिवसभर गोधड्या घेऊन तिकडे बसली होती, आणि घर उघडंच होतं. घरात येणारं-जाणारं कोण, असं विचारल्यावर तिनं दोनच नावं सांगितली. एक पुतण्या जब्बार, दुसरे शाळेतले सहदेव मास्तर. रहेमतुल्लाला लिहिता येत नव्हतं, वही मास्तरांनीच लिहिली होती.

साडेचारची गाडी महादेवरावांनी सोडून दिली. का सोडली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

२

नारायणरावांनी चहा पाजला, पंखा लावला, आणि अर्जाची नक्कल स्वतःहून पुढं केली. माणूस गोड बोलणारा होता. आगीत एकदा सगळं गमावलेल्या माणसाला अशी युक्ती सुचायचीच, असं त्यांचं म्हणणं. जिन माझा, आग माझी, कोळसा माझा. मग धागा पिंजाऱ्याचा कसा, असा त्यांचा सवाल होता. गरिबाच्या घरात एखादी वही असेलही, पण असली तर दाखवा ना, असं म्हणून ते हसले.

वही गेल्याचं महादेवरावांनी सांगितलं नव्हतं. पण या हसण्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. श्रीमंत माणूस कशावरही हसतो.

त्यांनी नक्कल वाचली. काळा तंतू एक भाग, नायलॉन तीन भाग. दोन्ही एकत्र करून पिंजायच्या कमानीखाली एकजीव होईपर्यंत पिंजावे. मग कातण्यासाठी त्याचा पेळू वळावा, कातावा, धागा तापल्या तव्यावरून ओढावा. अर्जासोबत नमुन्याच्या धाग्याच्या चार गुंड्या पाठवल्याची नोंद होती.

हे प्रयोग तुम्ही स्वतः केलेत का, असं त्यांनी विचारलं. नारायणराव म्हणाले, डोकं माझं, हात कामगारांचे. कृती मात्र त्यांनी कागदाकडं न बघता घडाघडा म्हणून दाखवली. दोन्ही एकत्र, कमानीखाली, एकजीव. पाठ केलेल्या कवितेसारखी.

निघताना नारायणराव दारापर्यंत आले आणि खालच्या आवाजात बोलले. “साहेब, त्या बाईचा पुतण्या जब्बार माझ्याकडंच कामाला आहे. नमुन्याच्या गुंड्या मला त्यानंच आणून दिल्या. चोर शोधायचा तर आधी घरात शोधा.”

३

जब्बार जिनामागं सरकीच्या ढिगावर बसला होता. पंचविशीचा, पिंजून पिंजून खांदे रुंद झालेला. गुंड्यांचं नाव काढताच त्यानं मान खाली घातली.

हाव जी, दिल्या होत्या, असं तो म्हणाला. मालक म्हणाले, दिवाळीनंतर पट्ट्याला लावून बघू, चालल्या तर तुझ्या चाचीकडून विकत घेऊ. चाचीला दोन पैसे मिळतील म्हणून त्यानं दिल्या. पुढं त्या कलकत्त्याला गेल्या हे त्याला चाचीनं कार्ड लिहवून घेतलं तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून चाचीच्या पुढं जेवायला बसायची त्याला लाज वाटत होती.

“आणि वही?”

“वही मी काऊन नेईन साहेब? मी उर्दू शाळेत गेलो. मास्तरचं अक्षर मले लागतच नाही.”

महादेवरावांनी खिशातून एसटीचं तिकीट काढून त्याला वाचायला दिलं. जब्बारनं ते उलटंसुलटं केलं, आकडे बरोबर सांगितले, बाकी जमलं नाही. हे सोंगही असू शकतं. पण सोंग करणारा माणूस घामानं एवढा भिजत नाही, असा महादेवरावांचा तीस वर्षांचा अनुभव.

काळा तंतू तूही पिंजलास का, असं त्यांनी जाता जाता विचारलं. जब्बार म्हणाला, चाचा मला फक्त नायलॉन द्यायचे, काळ्याला हात लावू द्यायचे नाहीत. मिसळायचं कोण, तर चाचाच मिसळत असतील. आम्ही पिंजून आत द्यायचो, आतून पेळू यायचे.

“आतून म्हणजे?”

“घरातून. वळायचं काम बायकायचं असते ना साहेब,” जब्बार म्हणाला. एवढं साधंही साहेबांना ठाऊक नाही, याचं त्याला नवल वाटलेलं दिसलं.

४

सहदेव मास्तर शाळेच्या ओट्यावर वह्या तपासत होते. चाळिशीचे, कॉलर उलटवून शिवलेला सदरा, आठ वर्षं झाली तरी नोकरी कच्चीच. वही गेल्याचं ऐकून त्यांना फार वाईट वाटलं, असं ते म्हणाले, आणि ते खरंच वाटत असावं. वाईट वाटणं आणि वाईट करणं एकाच माणसात सुखानं नांदतात.

रहेमतुल्ला सांगत जायचा, मी लिहीत जायचो, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही, असं मास्तर म्हणाले. किती भाग काळा, किती भाग नायलॉन, मग काय, असं ते विचारायचे. तो म्हणायचा, मग पिंजून एकजीव करायचं. पुढं? पुढं पेळू, कातणं, तवा. मधलं काही राहिलं का, असंही मास्तरांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, नाही, पुढचं काय, ते घरातच होऊन जाते.

बानोकडं शेवटचे कधी गेलात, असं विचारल्यावर मास्तरांनी चष्मा पुसला. दोन-तीन महिने झाले असतील, म्हणाले.

महादेवराव उठले. गुडघा कटकन वाजला. दोन पावलं गेल्यावर मास्तरांनी मागून हाक मारली.

“साहेब, वही नाही म्हटल्यावर आता काय लिहिणार तुम्ही? पुरावा नाही, असंच ना?”

महादेवरावांना वळून बघावंसं वाटलं नाही. ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

५

रात्र त्यांनी डाकबंगल्यावर काढली आणि सकाळी आठला ते बानोच्या अंगणात हजर झाले. डोकं जड होतं. वही नव्हती, साक्षीदार नव्हता, हाताशी होता एक अर्ज आणि तीन माणसांचं बोलणं. कालपासून कुठंतरी काहीतरी टोचत होतं, पण काय ते सापडेना.

अंगणात जब्बार कुणाची तरी गादी पिंजत होता. कमान टणटण वाजत होती आणि कापूस फुलून उडत होता. बानो त्याच्या जवळ नव्हतीच. ती आतल्या खोलीत, चटईवर. जब्बारनं पिंजलेला ढीग उंबऱ्यापाशी लोटला आणि पाठ फिरवली. बानोनं तो आत ओढून घेतला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही. रहेमतुल्लाच्या वेळीही असंच चालायचं का, असं महादेवरावांनी विचारलं. ती म्हणाली, पिंजाऱ्याच्या घरात असंच चालते, मर्द कमानीवर, बाई आत.

महादेवराव उंबऱ्यावरच बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

त्यांनी तिला काळा धागा करून दाखवायला सांगितलं. ती घुटमळली. मी काय साहेब, मी नुसती वळत होते, म्हणाली. पण काळ्या तंतूचा डबा काढला. आधी तिनं ज्वारीच्या पेजेत फडकं भिजवून पिळलं आणि काळे तंतू त्यावर अलगद पसरले, वरून दुसरं ओलं फडकं टाकलं. वाळलेल्या शेवया मोडू नयेत म्हणून बाया करतात तसं. घटकाभरानं ते तंतू मऊ पडले. मग तिनं जब्बारनं आधी पिंजून ठेवलेला नायलॉन चटईवर हातानं पातळ पसरला, त्यावर एकेक काळी बट ठेवली, आणि पेळू वळला. काळा तंतू कमानीखाली गेलाच नाही.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कोन शिकवन? पहिल्यानं त्यायनं समदं कमानीखालीच घातलं होतं, पार भुगा झाला. ते उठून गेले. मंग मी डब्यातलं साबूत काळं घेऊन आपलं करून पाह्यलं. पुढंबी ते पिंजून देत, तो भुगा मी बाजूला काढत होते.”

“त्यांना सांगितलंत?”

बानो थोडी हसली. “ते इचारत नव्हते, मी सांगत नव्हते. पेळू चांगला आला म्हनून ते खूश. त्यायले वाटलं, बारीक पिंजलं म्हनून जमलं. मी कशाले तोडू त्यायचं मन?”

महादेवरावांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते. त्यांनी जब्बारला दोन ठिकाणी निरोप घेऊन पिटाळलं.

६

नारायणराव जीपमधून आले, मास्तर चालत. अंगणात चटई होती, कमान होती, डब्यात काळा तंतू होता. महादेवरावांनी कुणालाही दम दिला नाही. दम द्यायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी फक्त अर्जाची नक्कल उघडली आणि जब्बारला सांगितलं, यात लिहिलंय तसं कर. एक भाग, तीन भाग, दोन्ही एकत्र, कमानीखाली.

टण्‌ की काळा धूर उठल्यासारखा भुगा उडाला. नारायणरावांचा पांढरा सदरा करडा झाला. नायलॉन तेवढा चटईवर राहिला, काळवंडलेला. हवा कोरडी आहे, पोराचा हात बसलेला नाही, असं नारायणराव म्हणाले. महादेवराव म्हणाले, तुमचा कुठलाही कामगार बोलवा, दुसरी हवा येईपर्यंतही थांबू. नारायणराव सदरा झटकू लागले.

मग महादेवराव सावकाश बोलले. ज्यानं हा धागा एकदा जरी केला असेल, तो काळा तंतू कमानीखाली घालायला कधीच सांगणार नाही. ही चूक करणारा जगात एकच माणूस होता, रहेमतुल्ला, कारण त्यानं उंबऱ्याच्या बाहेरचं तेवढंच पाहिलं होतं. त्यानं आपली अर्धी बाजू सांगितली, मास्तरांनी ती प्रामाणिकपणे लिहिली, आणि नारायणरावांच्या अर्जात तीच चूक जशीच्या तशी उतरली. नमुना बानोच्या हातचा, कृती रहेमतुल्लाच्या तोंडची. आयत्या बिळावर नागोबा, पण नागोबानं बीळ आतून पाहिलंच नाही.

“राहिली वही,” ते म्हणाले. “पेटीत तीन निळ्या वह्या होत्या, सारख्या. चोरानं बाकीच्या दोन न विस्कटता नेमकी हवी ती नेली आणि कुलूप लावून किल्ली खुंटीवर टांगली. म्हणजे तो घरात येणारा आणि हे अक्षर वाचणारा. जब्बार येतो, पण त्याला वाचता येत नाही. नारायणराव वाचतात, पण या घराची पायरी ते चढलेले नाहीत. मास्तर, तुमच्याशिवाय कोण उरतं?”

मास्तरांनी काही नाकारलं नाही. शाळेच्या कमिटीवर नारायणराव होते. नोकरी पक्की करतो म्हणाले, म्हणून मास्तरांनी दिवाळीत घरी बसून नक्कल करून दिली, स्वतःचं लिहिलेलं आठवून आठवून. वहीच समोर आली तर शब्दाला शब्द जुळेल, ही भीती नंतर बसली. त्यांनी पिशवीतून वही काढून बानोच्या पायाशी ठेवली. “जाळणार होतो. जाळवली नाही, भाभी. आठ वर्षं पोरांना वह्या जपा म्हणून सांगतोय मी.” ते रडत होते. बानोनं वही उचलली, पदरानं पुसली, आणि मास्तरांना पाणी द्यायला जब्बारला सांगितलं. नारायणराव तोवर जीपमध्ये जाऊन बसले होते. त्यांचं काय करायचं ते कलकत्ता ठरवणार होतं.

अडीच वाजले. महादेवरावांनी आक्षेपाचा कागद मांडीवर घेतला आणि पेन उघडलं.

“मिश्रण शोधणाऱ्याचं नाव,” ते म्हणाले. “इथं तुमचं नाव लागेल, बानोबी.”

“नाही.” ती एवढ्या जोरात बोलली की जब्बार तांब्या घेऊन दारातच थांबला. “त्यायचं लिवा. मी कार्ड कशासाठी धाडलं होतं?”

महादेवरावांनी तिला समजावलं. रहेमतुल्लाचं नाव लिहिलं तर उद्या नारायणरावांचा वकील हीच वही पुढं करील. म्हणेल, करा यात लिहिल्याप्रमाणं. तिथं कलकत्त्यात, शहाण्या माणसांपुढं पुन्हा भुगा उडेल, आणि या वेळी हसतील ते रहेमतुल्लाला. काळा तंतू वीज खातो हे त्याला कळलं, तेही आपण लिहू. पण भांडण मिसळण्याचं आहे, आणि मिसळलं तुम्ही.

बानो वही मांडीवर घेऊन बसून राहिली. नवऱ्याचं नाव वाचवायला निघालेल्या बाईला आपण आज ते तिच्याच हातानं खोडायला सांगतोय, हे महादेवरावांना कळत होतं, आणि त्यांना तिची दया येत होती. घड्याळात तीनला पाच कमी होते. पोस्ट बाजाराच्या टोकाला, आणि त्यांच्याच्यानं भरभर चालवत नव्हतं. तरी त्यांनी तिला घाई केली नाही.

“त्यायले राग नाही ना येनार?” तिनं शेवटी विचारलं.

“पेळू चांगला आला की खूश व्हायचे म्हणालात ना?”

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली. लिवा, म्हणाली.

महादेवरावांनी पेन टेकवलं. सरकारी कागद, त्याची एक ठरलेली रीत असते. गेली तीस वर्षं त्या रीतीचा त्यांना कंटाळा आला होता. ते थांबले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

“पूर्ण नाव सांगा,” ते म्हणाले. “आधी तुमचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव.”

तिनं दचकून वर पाहिलं. मग एकेक शब्द जपून सांगितला, आणि त्यांनी तो ठळक अक्षरात उतरवला. कागद तिच्यापुढं धरून त्यांनी वाचलं, “बानोबी रहेमतुल्ला पिंजारी.”

“पुन्ना वाचा,” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग तिनं काळ्या भुग्यानं माखलेला अंगठा पुसायला पदर शोधला, पण महादेवराव म्हणाले, राहू द्या, शाई लागायची नाही. तिनं तसाच अंगठा उठवला, आणि ते कागद घेऊन पोस्टाकडं चालू लागले.